नवव्या मिनिटाला दिलेलं कार्ड

या, असे पुढे सरकून बसा. पेटी मिटली, बुवा चहाला गेलेत, कीर्तनाच्या उत्तररंगाला अजून अर्धा तास तरी आहे. तेवढ्यात मी तुम्हाला एक आख्यान सांगतो. याला चाल नाही, साथीला झांजा नाहीत, आणि यात देव शेवटी धावून येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. नको असेल त्याने खुशाल पाय मोकळे करून यावं. बाकीच्यांनी ऐका.

"माणसं किती?" काचेपलीकडच्या खोलीतून सोनटक्क्यांनी फोनवर विचारलं.

"एकसष्टपैकी साठ, सर," माझ्या शेजारी बसलेली ज्योत्स्ना मिस्किटा फोनमध्ये म्हणाली. "एक कमी आहे."

सोनटक्क्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. त्यांच्या समोरच्या भिंतीवर चार लाल दिवे लागले होते. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, आम्हाला ते दिसत होते. काच तशी होती.

आग खोटी होती. समुद्रात शंभर मैल आत, लोखंडी पायांवर उभे असलेले तेलाचे आणि गॅसचे प्लॅटफॉर्म असतात, ते तुम्ही ऐकून असाल. प्रत्येकावर एक मुख्य असतो. एरवी तो चारचौघांसारखा साहेब. पण आग लागली की शेवटचा शब्द त्याचा. आगीशी लढायचं, की सगळ्यांना लाइफबोटीत घालून समुद्रावर सोडायचं, हे त्या एकाने ठरवायचं. किनाऱ्यावरून विचारून येईपर्यंत वेळ नसतो. म्हणून त्या खुर्चीवर माणूस बसवण्याआधी त्याची परीक्षा होते. खाडीकाठच्या एका केंद्रात अशी परीक्षा घेण्याचं काम मी नऊ वर्षं केलं. तीन संकटं लिहायची, खोटे दिवे लावायचे, खोटे फोन करायचे, आणि काचेमागे बसून बघायचं, की या माणसाच्या हातात साठ-ऐंशी जीव द्यावेत की नाहीत.

सगळे फोन ज्योत्स्ना करायची. ती वसईची. पूर्वी किनाऱ्यावरच्या रेडिओ-खोलीत होती. घाबरलेला खलाशी, चिडलेला डॉक्टर, सगळे आवाज तिचे. मी संकट कार्डांवर लिहायचो, प्रत्येक कार्डावर मिनिट घालायचो, आणि त्या मिनिटाला कार्ड तिच्या हातात द्यायचो. कार्ड हातात आल्याशिवाय तिने बोलायचं नाही.

"नाव काय त्याचं?" सोनटक्क्यांनी विचारलं.

ज्योत्स्नाने माझ्याकडे बघितलं. कार्डावर नाव नव्हतंच. 'एक माणूस कमी', एवढंच होतं. माझ्यासमोर पन्नास-साठ मॅनेजर बसून गेले होते. कमी असलेल्या माणसाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

"पास्कल, सर," ती म्हणाली. मग फोनवर हात ठेवून मला हळूच, "आमचा दूधवाला."

"पास्कल शेवटी कुठं दिसला होता?"

"खालच्या मजल्यावर, सर. कॉम्प्रेसरकडे."

"आणि गॅस?"

"वाढतोय."

सोनटक्के उठून उभे राहिले, परत बसले. वय एक्कावन्न. वर्ध्याजवळच्या पुलगावचे. बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. आदल्या वर्षी ते याच परीक्षेत नापास झाले होते, कारण सगळी कामं स्वतःच करायला धावले. तिसरी संधी नसते. या वेळी पहिली दोन संकटं त्यांनी छान निभावली होती. माणसं कामाला लावली, आवाज चढवला नाही. उरलं होतं ते हे तिसरं.

तिसऱ्याचा नियम सरळ होता. गॅस वाढत असेल तर दहाव्या मिनिटाच्या आत, जमलेल्या माणसांना बोटीत घालायचं. मोजणी पुरी होवो न होवो. आणि गॅस असलेल्या भागात कुणालाही शोधायला पाठवायचं नाही. यातलं एक जरी चुकलं तरी नापास. कठोर नियम आहे, पण ज्यांनी केला त्यांनी माणसं मेलेली बघून केला होता.

"सर, बोटी भरायच्या का?" सातव्या मिनिटाला ज्योत्स्नाने उपप्रमुखाच्या आवाजात विचारलं.

"थांबा जरा. दोघांना मास्क लावून तयार ठेवा."

तयार ठेवणं चूक नव्हतं. मी कागदावर काही लिहिलं नाही.

आठ मिनिटं झाली. सोनटक्के स्वतःशीच म्हणाले, "पास्कल, कुठं जाऊन बसला रे बाबा." माइकमधून ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. खोट्या माणसासाठी इतक्या मायेने बोललेलं मी तिथे कधी ऐकलं नव्हतं.

नववं मिनिट लागलं तसा त्यांनी फोन उचलला. तोंड उघडलं. ते काय बोलणार होते हे मला ठाऊक होतं. मास्क लावलेल्या त्या दोघांना आत जा म्हणणार होते. माझं काम एवढंच होतं, की गप्प बसायचं आणि त्यांना ते बोलू द्यायचं.

मी पुढचं कार्ड ज्योत्स्नाच्या हातात दिलं. त्यावर चौदावं मिनिट लिहिलेलं होतं.

तिने कार्ड बघितलं, घड्याळ बघितलं, मला बघितलं. मी मान हलवली.

"सर," तिने सोनटक्क्यांचं वाक्य सुरू होण्याआधीच फोनमध्ये म्हटलं, "पास्कल सापडला. कपडे धुण्याच्या खोलीत होता, मशीनच्या आवाजात भोंगा ऐकू आला नाही. आता एकसष्ट पुरे."

सोनटक्क्यांनी डोळे मिटले. मग बोटी भरायचा हुकूम दिला. स्वच्छ, एकही शब्द जास्त नाही. साडेनऊ मिनिटं.

परीक्षा संपून खोलीतले नेहमीचे दिवे लागले तेव्हा ज्योत्स्ना कार्डं गोळा करत म्हणाली, "ते चौदाचं होतं."

"घड्याळ जरा पुढे असेल."

"तुमचं का माझं?"

मी कागद आवरायला लागलो. ती गप्प बसणारी नव्हती. "सर, एक विचारू? नऊ वर्षांत आपण किती माणसं हरवली असतील? दीडशे? सगळी सापडली. कुणी झोपलेलं, कुणी संडासात. एखाद्याला तरी देवाघरी पाठवा की. तुमच्या कीर्तनात तरी इतके वाचतात का?"

"कीर्तनात सगळेच वाचतात," मी हसत म्हणालो.

खरंच होतं ते. मी आजगावचा, देवळाच्या ओसरीवर वाढलेला. बुवा भक्ताला आगीत घालतात, विहिरीत लोटतात, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि आरतीच्या आत त्याला अलगद बाहेर काढतात. मी संकटं लिहायला बसलो की माझा हात तसाच चालायचा. मुद्दाम नाही. मला वाटायचं, परीक्षाच ती, कशाला कुणाला मारा.

सोनटक्के बाहेर आले. नियमाप्रमाणे त्यांना त्यांच्या चुका सांगायच्या होत्या. ते खुर्चीवर बसले, चहाला हात लावला नाही.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"तो सापडला नसता तर?"

बघा, माणूस स्वतःच्या तोंडाने विचारत होता. मी सांगायला हवं होतं की तुम्ही फोन उचलला होता, तुम्ही दोघांना आत पाठवणार होतात, ते दोघं मेले असते आणि तुम्ही नापास झाला असता. दोन वाक्यं होती.

"सापडला ना," मी म्हणालो. "झालं तर. जरा उशीर केलात, पुढच्या वेळी लवकर निर्णय घ्या. चहा घ्या."

"बरं वाटून राहिलं आता," सोनटक्के म्हणाले, आणि कप उचलला. मी त्यांच्या कागदावर सही केली. उत्तीर्ण.

चौदा महिन्यांनी ते ज्या प्लॅटफॉर्मवर मुख्य होते तिथे कॉम्प्रेसरजवळ गॅस फुटला. दुपारचे पावणेचार. प्लॅटफॉर्मवर चौऱ्याऐंशी माणसं. दोन गेली.

चौकशी बसली. प्लॅटफॉर्मच्या कंट्रोल रूममधलं आणि रेडिओवरचं सगळं बोलणं टेपवर होतं, आणि कोण काय बोललं हे कागदावर उतरवायला त्यांना त्या कामातली माणसं हवी होती. मला आणि ज्योत्स्नाला बोलावलं. एका सरकारी कचेरीत, पंखा कुरकुरणाऱ्या खोलीत आम्ही दोघं टेप ऐकायला बसलो.

"माणसं किती?" सोनटक्क्यांचा आवाज.

"चौऱ्याऐंशीपैकी त्र्याऐंशी, सर."

"कोण नाही?"

"कुरियन. स्टोअरकीपर."

"बिल्ला कुठं आहे त्याचा?"

"आतल्या खुंटीवर, सर. म्हणजे आतच असणार."

प्लॅटफॉर्मवर प्रत्येकाच्या नावाचा एक बिल्ला असतो. आत असलात तर आतल्या खुंटीवर, कुठे बाहेर गेलात तर बाहेरच्या. जाता-येता आपण होऊन बदलायचा. ज्योत्स्नाने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"सर, गॅस वाढतोय. बोटी भरू?"

"दोन मिनिटं थांबा. सापडेल तो."

टेपवर नुसता भोंगा वाजत राहिला. मग परत सोनटक्के, "हसन, मास्क लावून स्टोअरपर्यंत जाऊन या. नुसतं दारातून हाक मारा. पुढं जाऊ नका."

"जातो, साहेब." हा हसन मुकादम. जयगडचा. अग्निपथकात पंधरा वर्षं काढलेला माणूस.

लगेच एक आवाज आला, लांबून, गर्दीतून कुणी बोलावं तसा. "एकट्याक धाडू नकात, साहेब. मी जातंय तेंच्यावांगडा."

मी दचकलो. माझ्या गावची बोली होती ती. एकट्याला पाठवू नका, मी जातो त्यांच्यासोबत, म्हणत होता.

"हा कोण?" टेपवर उपप्रमुखाने विचारलं.

"कंत्राटदाराचा माणूस. रंगकामवाला," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ द्या," सोनटक्के म्हणाले. "दोघं जा. लवकर या."

पुढची सहा मिनिटं आम्ही ऐकली. हसन हाका मारत होता, ते त्याच्या वॉकीटॉकीवरून येत होतं. कुरियन, ओ कुरियन. मग तो म्हणाला, दार गरम आहे. मग मोठा आवाज झाला आणि त्याची वॉकीटॉकी बंद पडली.

त्यानंतरचे सोनटक्के परीक्षेतल्यासारखेच होते. स्वच्छ, एकही शब्द जास्त नाही. सगळ्यांना बोटींवर चढवलं. शेवटी स्वतः चढताना मोजत होते. एक्क्याऐंशी. परत मोजलं. एक्क्याऐंशी.

टेप संपली असं वाटलं, पण एक बोलणं अजून होतं. प्लॅटफॉर्मला सामान आणणारी नौका धोक्याचा भोंगा झाला की दूर जाऊन उभी राहते. तिच्या कप्तानाचा आवाज, अगदी सौम्य. "तुमचा स्टोअरकीपर आमच्याकडे आहे. फुटके खोके मोजायला खाली उतरला होता. आधीच सांगणार होतो, पण तुमची गडबड चालली होती, म्हटलं मध्ये बोलू नये."

कुरियन बिल्ला बदलायला विसरला होता. पाच मिनिटांचं काम, म्हणून.

ज्योत्स्नाने छातीवर क्रुसाची खूण केली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "सर, सापडला तो."

बाहेर बाकावर सोनटक्के बसले होते. त्यांची साक्ष सकाळी झाली होती. मला बघून उठले, नेहमीसारखा नमस्कार केला. मी शेजारी बसलो.

"साहेब, मी शिकलो तसंच केलं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. एखादा हिशेब कुठे चुकला ते विचारतो ना माणूस, तसं. "पास्कलच्या वेळी मी थांबलो होतो. तो सापडला. मला वाटलं, थांबलं की सापडते. हसनला पाठवताना माझ्या मनात तेच होतं जी, की आता फोन येईल. कपडे धुण्याच्या खोलीत होता म्हणतील. मी फोनकडे पाहून राहिलो होतो."

"सोनटक्के..."

"परीक्षा झाल्यावर तुम्ही विचारलं असतं, की त्या दोघांना आत काहून पाठवत होता, तर हसनला मी पाठवलं नसतं. पण तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं."

मला साक्षीसाठी आत हाक आली. तीन अधिकारी होते. मधल्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "आजगावकर, तुमच्या परीक्षांमध्ये माणूस हरवतो. नऊ वर्षांत किती वेळा तो सापडलाच नाही?"

"एकदाही नाही, साहेब."

"तसं लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

तो लिहून घेत होता. तेवढ्यावर सुटलो असतो. पुढचा प्रश्न बिल्ल्यांबद्दलचा होता, तो माझा विषयच नव्हता. मी म्हणालो, "साहेब, अजून एक आहे. सोनटक्क्यांच्या परीक्षेतलं एक कार्ड मी पाच मिनिटं आधी दिलं. ते त्या दिवशीच चुकणार होते. दोघांना आत पाठवणार होते. मी ते होऊ दिलं नाही."

"का?"

"माणूस चांगला वाटला."

"आणि हे त्यांना सांगितलंत?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं. तरी नाही."

मधल्याने चष्मा काढला. "म्हणजे खोलीत चुकू दिलं असतंत तर ते नापास झाले असते."

"हो. किंवा शिकले असते. मी दोन्ही होऊ दिलं नाही."

त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि सही घेतली. दारामागे ज्योत्स्ना होती. तिच्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून मी लिहून दिलं, की कार्ड माझ्या हाताने गेलं. त्याच महिन्यात मी काम सोडलं. संकटं आता ती लिहिते. तिच्या कार्डांवर माणसाला नाव असतं, गाव असतं, आणि कधी कधी तो सापडत नाही. पहिल्यांदा तसं कार्ड वाचताना तिचा आवाज फुटला होता, असं तिनेच मला सांगितलं.

सोनटक्के पुलगावला परत गेले. ती खुर्ची पुन्हा त्यांना मिळाली नाही, मिळायला नकोच होती. तरी त्यांच्या वाट्याचं अर्धं मी उचलायला हवं होतं, ते कागदावर कुठे धड उतरलं नाही. दिवाळीला फोन येतो. पीकपाणी विचारतो आम्ही एकमेकांना.

हसन मुकादमला जयगडात सगळे ओळखतात. तो गेला त्या दिवशी बंदरावर एकही होडी पाण्यात गेली नाही.

पण त्याच्याबरोबर गेलेला तो दुसरा. त्याच्याबद्दल चौकशीत सगळ्यांना विचारलं, कुणालाच काही सांगता येईना. प्लॅटफॉर्मवर येऊन त्याला चार दिवस झाले होते. कंत्राटदाराकडे नाव होतं आणि हजेरीचा नंबर. फोटो दुसऱ्याच माणसाचा लागला होता. मी शेवटी कुरियनला भेटायला पनवेलला गेलो. मोठा देह होता त्या माणसाचा, तो खुर्चीत आक्रसून बसला होता. म्हणाला, "मला आठवतो. पहिल्या दिवशी बूट न्यायला आला होता. त्याच्या मापाचे नव्हते. एक नंबर मोठे दिले. म्हटलं, परवाच्या नौकेवर येतील, बदलून नेतो का? तो म्हणाला, कशाला, कापूस घालीन पुढे, चालतील."

"अजून काही?"

"जाताना माझं नाव विचारलं त्याने. स्टोअरवाल्याचं नाव कुणी विचारत नाही, साहेब."

मी उठलो.

झांजा वाजल्या वाटतं, बुवा आलेच. मग एवढंच मागतो तुमच्याकडे. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी नावाने हाक मारली नव्हती. एका माणसाने एकट्याने जाऊ नये एवढ्यासाठी तो उठला, पायात मोठे बूट घालून. गुणाजी वायंगणकर त्याचं नाव. आरतीला हात जोडाल तेव्हा ते एकदा मनात घ्या.